सुट्टी नव्हे, खाडा

प्रजासत्ताक दिनी बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात ध्वजवंदनाला गेले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. शाळेच्या पटांगणात लहान मुले असतात, म्हातारी माणसे असतात. कर्त्या वयाची माणसे मात्र मोजकीच दिसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्यांतून, ट्रकांतून गाव सोडून गेलेली ही माणसे गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तोवर ती कोल्हापूर-सांगलीच्या मळ्यांत किंवा सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटकडील फडांत ऊस तोडीत असतात. त्यांचा २६ जानेवारी कसा जातो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

मागे एका २६ जानेवारीला प्रस्तुत लेखक कोल्हापूर भागात नातेवाइकांकडे होता. त्या भागात या दिवशी घरोघर जिलेबी नेण्याची रीत आहे. जवळच्या साखर कारखान्याच्या आवारात ध्वज फडकला, भाषणे झाली, कर्मचाऱ्यांना मिठाई वाटली गेली. कोप्यांवरची काही मुले कुंपणाबाहेरून हा सोहळा पाहत होती आणि त्यांचे आईबाप पहाटेपासून फडात होते. बीडचीच निघालेली एक बाई मोळी बांधता बांधता म्हणाली, “सुट्टी कारखान्याला हाय दादा, आमाला खाडा हाय.”

अर्थशास्त्राच्या वर्गात वेतनाचे प्रकार शिकविताना जे सांगण्यास तासभर लागतो, ते या बाईने एका वाक्यात सांगितले. सुट्टी म्हणजे काम न करताही ज्या दिवसाचे वेतन मिळते तो दिवस. खाडा म्हणजे ज्या दिवशी मजुरी तर बुडतेच, शिवाय मुकादम वरून दंड कापतो तो दिवस. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, हंगामाआधी उचल दिली जाते आणि ती टनावारी मजुरीतून फेडावयाची असते. अशा व्यवस्थेत रिकामा गेलेला प्रत्येक दिवस कर्जाचा बोजा वाढवितो. खाड्याचे हे भय किती खोल जाते, याची प्रचिती २०१९ साली महाराष्ट्राला आली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचे चार दिवसही ज्यांना परवडत नाहीत, त्यांना राष्ट्रीय सण कोठून परवडणार?

कर्नाटकात गेलेल्यांची स्थिती याहून चमत्कारिक आहे. १ नोव्हेंबरला तेथे राज्योत्सव असतो. लाल-पिवळे ध्वज लागतात, मिरवणुका निघतात. तेथील १९६३ च्या सुट्ट्यांविषयीच्या कायद्याने औद्योगिक कामगारांस हा दिवस पगारी सुट्टीचा ठरविला आहे. परंतु आमचा तोडणी मजूर कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो; तो मुकादमाच्या वहीत असतो. भाषा परकी, सण परका आणि कायदाही जवळून निघून जाणारा, अशा तिहेरी परकेपणात तो उभा असतो. महाराष्ट्रातही कागदावरची स्थिती फार वेगळी नाही. दुकाने व आस्थापना यांच्याविषयीच्या २०१७ च्या कायद्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या पगारी सुट्ट्या दुकानातील नोकराला मिळाल्या; उसाच्या फडापर्यंत त्या पोहोचल्या नाहीत.

मराठवाड्याला हे दुःख नवे वाटू नये. १५ ऑगस्ट १९४७ रोजी उरलेला देश आनंदोत्सव करीत असताना आपण निजामी राजवटीत होतो. दुसऱ्याचा उत्सव दुरून पाहणे काय असते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेरा महिने अनुभविले. आज स्वतंत्र देशातील नागरिक आपल्याच प्रजासत्ताकाचा दिवस परक्यासारखा पाहतो, ही गोष्ट निदान आपल्याला तरी बोचली पाहिजे.

यावर ठराविक उत्तर असे की, गाळप थांबविता येत नाही. ते खरेच आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो आणि त्यातील साखर घटते. परंतु रेल्वे थांबत नाही, रुग्णालये थांबत नाहीत, वीजकेंद्रेही थांबत नाहीत. तेथे सणाच्या दिवशी राबणाऱ्यास बदली रजा किंवा जादा वेतन मिळते. टोळ्यांना आळीपाळीने सुट्टी देणे हे काही न सुटणारे कोडे नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तोही तपासून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि दर टनामागे सुमारे ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता दिवसाला दोन टन व १५० दिवसांत ३०० टन ऊस तोडतो असे धरले, तर एका सुट्टीची मजुरी ७३२ रुपये होते. ती हंगामावर वाटली की टनामागे जेमतेम अडीच रुपये पडतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने उसाचा उचित व लाभकारी दर टनाला ३,५५० रुपये ठरविला, त्याच्याशी हे अडीच रुपये ताडून पाहावेत.

मग अडते कोठे? अडते ते करारात. हॉलंडमध्ये २७ एप्रिल हा राजाचा वाढदिवस राष्ट्रीय सुट्टीचा असतो. पण त्या दिवशी पगारी सुट्टी दिलीच पाहिजे असे तेथील कायदा म्हणत नाही. ते मालक व कामगार संघटना यांच्या सामूहिक करारावर ठरते. पोलंडहून तेथे राबावयास गेलेल्या मजुराची सुट्टीदेखील करारात काय लिहिले आहे यावरच अवलंबून असते. आपल्या ऊसतोड कामगारांचाही साखर संघाशी करार होतो. २०२० साली १४ टक्के, २०२४ साली ३४ टक्के अशी भाववाढ त्यातूनच पदरात पडली. मात्र या वाटाघाटींत चर्चा दराभोवती आणि मुकादमांच्या कमिशनाभोवतीच फिरत राहते. विश्रांतीचा दिवस मागण्यांच्या यादीत मागे पडतो, कारण ज्याने सुट्टी कधी उपभोगलीच नाही त्याला ती मागण्याचेही सुचत नाही.

म्हणून पुढील करारात एक साधे कलम यावे. हंगामात येणाऱ्या २६ जानेवारीला प्रत्येक कोयत्यास सरासरी मजुरीसह सुट्टी मिळावी, काम अटळ असेल तर बदली दिवस मिळावा, आणि त्या दिवशी कोणाचाही खाडा धरला जाऊ नये. शिक्षक, कारकून आणि प्राध्यापक यांना ही सुट्टी न मागता मिळते. ज्यांना ती मिळते त्यांनीच, ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी ती मागावी, यात उपकार नाही. प्रजासत्ताक या शब्दातील ‘प्रजा’ फडातही असते, एवढे मान्य केले तरी पुरे.