रिपोर्ट येईपर्यंत

तापात घाई नको, आधी रिपोर्ट मग औषध, असं एका विद्वानांनी परवा व्याख्यानात ठणकावून सांगितलं. उगाच अँटिबायोटिक दिलं की जंतू निर्ढावतात, बहुतेक ताप आपोआप उतरतात आणि डॉक्सिसायक्लिनने पोरांचे दात पिवळे पडतात. टाळ्या पडल्या.

दातांचं आधी उरकतो. ती बदनामी जुन्या टेट्रासायक्लिनची. डॉक्सिसायक्लिनच्या छोट्या कोर्सने दात रंगत नाहीत. जंतू निर्ढावतात हे खरंच, म्हणून तर नेमकं औषध हवं.

आता रिपोर्ट. गोचीडतापाचंच बघा. नाव घेतलं की आपल्याला आधी गाय आठवते. पण कुत्र्याच्या अंगावरची गोचीड माणसालाही रिकेट्सिया नावाचा जंतू देते. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात घुसतो. रक्ततपासणी शोधते ती प्रतिपिंडं, आणि ती दिसू लागायला आठवडाभर तरी जातो. म्हणजे औषध सर्वांत उपयोगी पडेल त्या तिसऱ्या दिवशी रिपोर्ट हमखास निगेटिव्ह! त्यातून तालुक्याला होते ती वेल-फेलिक्स चाचणी, 1916 सालची. ती रिकेट्सिया वापरतच नाही, प्रोटिअस नावाच्या भलत्याच जंतूवर काम भागवते. चोराचा फोटो नाही, म्हणून साडूचा दाखवून ओळखपरेड.

माझ्या भाचीच्या मुलाच्या तळहातावर पाचव्या दिवशी लाल ठिपके उठले. डॉक्टर गोवर म्हणाले. पायात मोजे होते, तळपाय कुणी पाहिलेच नाहीत. घरच्या कुत्र्याच्या कानामागे तुरीच्या दाण्याएवढी गोचीड फुगली होती, तीही कुणी विचारली नाही. रिपोर्टची वाट पाहत सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शनं मात्र चालू होती. त्यांना रिपोर्ट लागला नाही! या जंतूवर त्यांचा काडीचाही उपयोग नाही, ही गोष्ट वेगळी.

मग करायचं काय? ताप, डोकेदुखी आणि जोडीला गोठा, कुत्रा किंवा रान, एवढं जुळलं की डॉक्टरांनी त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू करावं. पुरळाचीही वाट पाहू नये, ते उशिरा येतं. रक्त जरूर घ्यावं, गोळी अडवू नये. वेळेवर दिली तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो.

आमच्या पोराला ती नवव्या दिवशी मिळाली. अकराव्याला त्याने भाकरी मागितली. रिपोर्ट तेराव्या दिवशी आला.