गाडीचा दोष आणि आपली घाई

आमच्या घरी अब्बांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला, तेव्हा अब्बा दिवसभर गप्प होते. दुसऱ्या वर्षी आमचीही जायची वेळ आली होती. कारण असं की सपाट रस्त्यावर ती नीट चालायची, पण कशेडी घाट चढताना धक्के देऊन बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू व्हायची.

एका गॅरेजवाल्याने ऐकताक्षणीच कार्ब्युरेटर बदलला. फरक पडला नाही. मग पेट्रोल पंप बदलला. तरीही तेच. शेवटी तो म्हणाला, "गाडी म्हातारी झाली, भंगारात द्या." अब्बांनी जवळजवळ होकार दिला होता.

मग एका वयस्क उस्तादांना बोलावलं. त्यांनी पाना उचलण्याआधी प्रश्न विचारले. गाडी कुठे बंद पडते? गरम झाल्यावर की चढावर? टाकीचं झाकण उघडल्यावर सुधारते का? झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं, तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल अडतं, म्हणून तो प्रश्न. आमचं झाकण ठीक होतं. मग त्यांनी प्लगची ठिणगी तपासली. कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देतो आणि शिव्या मात्र कार्ब्युरेटर खातो, असं ते म्हणाले. ठिणगी चांगली होती.

त्यानंतर इंजिन थंड असताना त्यांनी कॉइलची वायर काढली, कार्ब्युरेटरला येणारी नळी सोडवून बाटलीत धरली आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. पेट्रोल येत होतं, पण धार तुटक आणि बुडबुड्यांची. नंतर त्यांनी टाकीकडून येणारी नळी पंपापासून काढली आणि पंपाला स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या डब्यातून पुरवठा दिला. आता धार भरून आली, बुडबुडे नाहीत. म्हणजे पंप निर्दोष, कार्ब्युरेटर निर्दोष. दोष मागे, टाकी आणि पंपाच्या मध्ये. (हे काम उघड्यावर, विडी-सिगारेट दूर ठेवून आणि जाणत्या माणसाच्या हातूनच व्हावं.)

टाकीजवळची वीतभर रबरी नळी तडकलेली निघाली. पंप पेट्रोल ओढतो, त्यामुळे अशा तडीतून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत शिरते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही. चढावर टाकी इंजिनच्या खाली जाते, पंपाला जास्त ओढावं लागतं आणि हवा घुसते. शंभर-दीडशे रुपयांत गाडी घाट चढली.

माझं म्हणणं एवढंच की सुटा भाग बदलणं म्हणजे निदान नव्हे. कार्ब्युरेटर डोळ्यांसमोर असतो, म्हणून संशय त्याच्यावर जातो. नळी गाडीच्या पोटाखाली असते, तिकडे वाकून बघायचे कष्ट कुणी घेत नाही. त्या कष्टांऐवजी ग्राहकाने दोन नव्या भागांचे पैसे मोजले. आम्ही ते मोजू शकलो. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याचं काय?

जुन्या गाडीच्या मालकांनीही जागं व्हायला हवं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते ओलावा ओढतं, जुनं रबर खराब करतं आणि टाकीतला साचलेला मळ सैल करून फिल्टरमध्ये आणतं. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या एकदा बसवून घ्या, पंपाचा डायफ्राम पाहा, फिल्टर वेळेवर बदला. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

आणि उस्तादांकडून शिकणारी मुलं हवीत. ज्या गाडीत संगणकच नाही तिला स्कॅनर काय विचारणार? तिथे प्रश्न विचारणारा माणूसच लागतो. आमच्या उस्तादांचा मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला, कारण गॅरेजमध्ये इज्जत नाही असं त्याला वाटतं. त्याला तसं वाटायला लावणारे आपणच आहोत. आपण नव्या पंपाचे पैसे न कुरकुरता देतो, पण तासभर डोकं चालवून दोष शोधणाऱ्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

अब्बांनी त्या दिवशी उस्तादांना सांगितलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे दिले. उस्तादांनी निम्मे परत केले आणि चहा मात्र दोनदा घेतला.