उत्तरपत्रिका न दाखविणारी परीक्षा

महाराष्ट्रात 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पुढल्याच वर्षी नाशिकच्या पंचवटीत क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. तेथून बाहेर पडणाऱ्या कित्येक तरुणांची वाट हिंजवडीच्या संगणक कंपन्यांकडे जाते. विद्यार्थी असेपर्यंत या तरुणांना आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क असतो. माहितीच्या अधिकाराखालील हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला. नोकरी लागल्यावर परीक्षा दरवर्षी होते, पण उत्तरपत्रिका सहसा दिसत नाही. हाती येते ती केवळ श्रेणी.

ही श्रेणी क्षुल्लक नव्हे. वेतनवाढ आणि बढती तिच्यावर ठरते. कपातीची वेळ आली की यादीत नाव कोणाचे, हेही अनेकदा तीच ठरविते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या बलाढ्य कंपनीनेही जुलै 2025 मध्ये सुमारे दोन टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा या क्षेत्रातील नोकरीच्या स्थैर्याचा भ्रम फिटला.

त्यातच काही कंपन्या श्रेणींचे प्रमाण आधी ठरवितात आणि माणसे मागाहून त्यात बसवितात. गटातील दहाही जणांनी चोख काम केले, तरी एकाला तळाशी ढकलावेच लागते. वर्गातील सारी मुले उत्तीर्ण झाली असता कोष्टक भरण्यासाठी दोघांना नापास करणारा शिक्षक समाज सहन करील काय? अशा पद्धतीत शेजारच्या सहकाऱ्याला मदत करणे म्हणजे स्वतःचे नुकसान ओढवून घेणे होय. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही पद्धत मोडीत काढली, ती उगीच नव्हे.

सरकारी कचेऱ्यांना हा रोग जुनाच. सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याच्या 1993-94 च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘फार चांगला’ हवा होता. शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो त्याला कळविलाच गेला नाही आणि बढती हुकली. या देवदत्त खटल्यात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शेरा बरा असो वा वाईट, तो कर्मचाऱ्याला कळविलाच पाहिजे आणि त्यावर दाद मागण्याची संधीही दिली पाहिजे. 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे आज कचेरीतील कारकुनाला जे संरक्षण आहे, ते लठ्ठ पगाराच्या संगणक अभियंत्याला नाही; कारण हा निर्णय शासकीय सेवेपुरता आहे.

शेरे उघड केल्यास वरिष्ठ मोकळेपणाने लिहिणार नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. परंतु ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यासमोर जे मत टिकत नाही, त्याला मोकळेपणा म्हणता येत नाही. गुणवंताला अधिक मिळावे, याला कोणाचाच विरोध नाही. निकष वर्षारंभी सांगावेत, श्रेणीची कारणे लेखी द्यावीत आणि श्रेणी देणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणापुढे अपील असावे, एवढीच मागणी आहे. कंपन्या हे आपणहून करणार नसतील, तर शासनाने तसा नियम करावा. शाळकरी मुलाला मिळणारा न्याय त्याच्या अभियंता झालेल्या भावाला नाकारण्याचे समर्थन कोणत्याही ताळेबंदात सापडणार नाही.