वारा मोजला, वहिती कोण मोजणार?



साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारावरचे पंखे सगळ्यांनी पाहिलेत. पण पंखा शेवटी येतो. आधी येतो एक बारीक लोखंडी खांब. चहूबाजूंनी तारा ताणलेल्या, वर गरगर फिरणाऱ्या वाट्या. गुराख्याला विचारलं तर तो म्हणतो, हवामान खात्याचं काहीतरी असेल. तसं नसतं. त्या खांबावर वर्षभर वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद होते आणि आपलं टेकाड कामाचं आहे की नाही हे त्या आकड्यांवर ठरतं. पंखा उभा राहिल्यावर मोर्चा काढून आपल्याला फार उशीर झालेला असतो. म्हणून आज खांबाबद्दल लिहितोय.

हिशेब समजून घ्या. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून कंपनीला सपाटीची जमीन नको, डोंगराची धार आणि पठाराची कड हवी. आणि धारेवर वहिती कोणाची? पाटलाची नाही, त्याची जमीन खाली नाल्याकाठी, विहिरीची. वरचे फॉरेस्ट प्लॉट आपले. नागली, भगर, खुरासणी पिकवतो ते आपण. वारा सगळ्यात जोराचा आषाढ-श्रावणात, नेमकं आपलं पीक उभं असतं तेव्हा. (आपलं छप्पर उडवतो तोही हाच वारा. त्याची नोंद कुठल्या खांबावर होत नाही, ते सोडा.)

वाऱ्याची मोजणी वर्षभर चालते, पण त्याखालची जमीन एका शब्दात उरकली जाते: 'पडीत'. हे फक्त आपल्याकडेच नाही. राजस्थानात जैसलमेरच्या वाळवंटातही पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. वाळवंट म्हटलं की शहरातल्या माणसाला वाटतं, तिथं काय असणार, वाळू! पण तिथल्या धनगरांची 'ओरण' नावाची राखीव रानं आहेत, आपल्या देवाच्या रानासारखी. गुरं तिथंच चरतात, पाण्याची आडं तिथंच. सरकारी दप्तरात त्यातली कितीतरी पडीत म्हणूनच लागलेली आहेत.

कंपनीचा माणूस सांगतो, पंख्याला जागा लागते ती एका खळ्याएवढी, बाकी तुमचं रान तुम्हाला मोकळं. खोटं आहे. एकेक पातं निदान ३०-४० मीटर लांब. ते घेऊन येणारी गाडी आपल्या पायवाटेने वर चढणार आहे का? तिच्यासाठी डोंगर कापून रुंद रस्ता होतो, वळणं फोडली जातात, क्रेनसाठी माळ सपाट होतो. निघालेला मुरूम उताराला लोटला जातो आणि पहिल्या पावसात खालच्या शेतात, नाल्यात येऊन बसतो. पुढे विजेची लाईन, त्यानंतर चौकीदार. मग बकऱ्या घेऊन गेलेल्या बाईला विचारतात, इथं काय काम तुझं?

आणि कमाई कोणाची? पवनचक्की विकत घेणाऱ्याला पूर्वी पहिल्याच वर्षी किमतीच्या ८० टक्के घसारा दाखवून कर वाचवता येत असे. म्हणजे पंखा फिरो न फिरो, शेठजीचा फायदा आधीच सुटला. रात्री पंख्यांवर लाल दिवे लुकलुकतात, खाली पाड्यावर लोडशेडिंग आणि चिमणी.

आम्ही वाऱ्याच्या विजेच्या विरोधात नाही. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढून वाचा. गावासाठी सरकारने करायच्या सोयींच्या यादीत शाळा, दवाखाना, अंगणवाडीबरोबर अपारंपरिक ऊर्जाही आहे. अट अशी की एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पाड्याला दिवा द्यायचा तर कायद्यात वाट आहे. मग त्या वाटेने सरकार का येत नाही?

कंपनीला जंगल द्यायचं असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली दिल्लीची मंजुरी लागते. केंद्राच्या ३ ऑगस्ट २००९ च्या पत्रकाप्रमाणे तिथं ग्रामसभेचा ठराव जोडावा लागत असे: वनहक्काचं काम पूर्ण झालं, आमची संमती आहे, आणि सभेला निम्मे तरी सभासद हजर होते. साहेब म्हणतात, आमच्या मंजुऱ्या त्याआधीच्या. असतील. पण दाव्यांची पडताळणी संपेपर्यंत वहितीवरून कोणाला उठवता येत नाही, हे कलम ४(५) आहे. आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधी ज्यांना बेकायदा हुसकून लावलं, त्यांना जागेवरच पुनर्वसन किंवा पर्यायी जमीन मिळण्याचा हक्क कलम ३ मध्येच लिहिला आहे. तो मागणारे दावे आपल्यातून फार थोडे गेलेत, हा दोष आपलाही आहे.

चोपडा, यावल, शिरपूरच्या गावांनी 'हे साक्रीवाल्यांचं दुखणं' म्हणून बसू नये. धारा तुमच्याकडेही आहेत. वनहक्क समितीने वरच्या प्लॉटचे दावे आधी घ्यावेत. दंडाच्या जुन्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब, बांध-ताली दाखवणारा पंचनामा जोडावा. खांब दिसला की गार्डकडे परवानगीची नक्कल मागा. तोंडी उत्तर घेऊ नका. नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये लागतात. तारीख, जागा, सोबत कोण होतं आणि गाडीचा नंबर वहीत लिहून तालुक्याच्या बैठकीला घेऊन या.