समुद्र दिसला नाही तरी चालेल

कोकणात जागा घेणाऱ्या बहुतेकांची आर्किटेक्टकडे पहिली अट ठरलेली असते : झोपल्या जागेवरून समुद्र दिसला पाहिजे. मग केवड्याचं बन साफ होतं, पुढचे माड जातात, भराव पडतो आणि त्यावर दुमजली पांढरं घर उभं राहतं. पश्चिमेला भिंतभर काच. दुपारी तीननंतर ऊन थेट आत शिरलं की पडदे ओढून एसी लावायचा. समुद्र पडद्याआड!

गुहागर, दिवेआगर किंवा दापोलीजवळचं मुरुड पाहा. जुनी घरं रस्त्याला तोंड करून बसलेली. घरामागे माड-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरू आणि मग पुळण. घरात गाज ऐकू येते, समुद्र दिसत नाही. समुद्र बघायचा तर चालत जायचं. यात अरसिकपणा नव्हता, खाऱ्या वाऱ्याचा अनुभव होता. हा वारा स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोचतो, सळ्या गंजून फुगतात आणि गिलावा धरून काँक्रीटचे पोपडे पडतात. वाडी तो वारा आधी अंगावर घेते. मागचं चिऱ्याचं चौपाखी घर बुटकं, पाखी खाली उतरलेली, भोवती पडवी. आषाढातली झड भिंतीपर्यंत पोचू नये, एवढाच त्या उताराचा हिशेब.

म्हणून जुन्याची नक्कलच करायला हवी असं नाही. मंगलोरी कौलसुद्धा एकेकाळी नवंच होतं. बासेल मिशनने मंगळुरात त्याचा कारखाना काढला तो १८६५ साली. अलिबागच्या दक्षिणेला नांदगावात बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७मध्ये माडांच्या बागेत ‘पाल्मायरा हाऊस’ बांधलं. दोन लांबट लाकडी इमारती, भिंतींच्या जागी ताडाच्या खोडापासून केलेल्या पट्ट्यांच्या झडपा, पाणी आवारातल्या विहिरींचं. वारा आरपार जातो. पैसेवाल्यांचं काम, मान्य. पण झाडांत शिरून बसायची अक्कल फुकट आहे.

१९९१च्या सीआरझेड अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम रोखलं. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ती मर्यादा ५० मीटरवर आणली. मुभा मिळाली म्हणून पुढे सरकायलाच हवं का? ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. कौलं उडाली, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. कौल दुसरं आणून चढवता येतं. नवी पोफळ धरायला मात्र पाच-सात वर्षं जातात. आपण ती हौसेने तोडतो, देखाव्यासाठी!

तेव्हा डिसेंबरातल्या निळ्या समुद्राकडे बघून घराची जागा नक्की करू नका. जुलैत प्लॉटवर जा, दोन दिवस गावातच मुक्काम करा. पाणी कुठून वाहतं, झड कुठून येते, कुठल्या झाडाआड उभं राहवतं ते बघा. शेजारच्या वाडीवाल्याला विचारा. नकाशा त्यानंतर काढायला सांगा.