विश्लेषण : प्रोसेसर म्हणतो ५२००, दुकानदार देतो ६०००… रॅम कोणती घ्यावी?

सुटे भाग आणून संगणक जुळवणाऱ्यांना एक कोडे हमखास पडते. एएमडीच्या रायझेन ५ ७६०० या प्रोसेसरच्या अधिकृत माहितीत डीडीआर५ मेमरीचा कमाल वेग ५२०० दिलेला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेले, की दुकानदार ६०००च्या दोन पट्ट्या पुढे करतो आणि ‘बिनधास्त घ्या, चालते’ असे सांगतो. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. मात्र कृत्रिम प्रज्ञेच्या विदा केंद्रांकडून मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले. त्यामुळे ही निवड समजून केलेली बरी.

अधिकृत वेग म्हणजे नेमके काय?

रॅमशी व्यवहार करणारा ‘मेमरी कंट्रोलर’ आता मदरबोर्डवर नव्हे, प्रोसेसरच्या आतच असतो. कारखान्यातून निघणारा प्रत्येक प्रोसेसर किंचित वेगळा असतो. एखाद्याचा कंट्रोलर ६४०० सहज पेलतो, तर दुसरा त्याआधीच अडखळतो. म्हणून कंपनी असा आकडा जाहीर करते, जो त्या मॉडेलच्या प्रत्येक नगाला झेपेल. म्हणजेच ५२०० ही क्षमतेची नव्हे, तर हमीची मर्यादा आहे. तीही दोन पट्ट्यांसाठी. चारही खाचा भरल्या, तर याच प्रोसेसरचा अधिकृत वेग ३६००वर येतो. इंटेलचेही असेच आहे. कोअर आय५ १४६००केची मर्यादा ५६००, तर त्याच पिढीतील आय५ १४४००ची ४८०० आहे.

वेगवान रॅम नुसती बसवली तर?

बिघडत काही नाही आणि बहुधा वाढतही काही नाही. मेमरीची मानके ‘जेडेक’ ही संस्था ठरवते आणि संगणक पहिल्यांदा सुरू होताना त्या मानकांतलाच वेग निवडतो. त्यामुळे ६०००ची पट्टी अनेकदा ४८००वरच धावते. खोक्यावरचा वेग हवा, तर बायोसमध्ये जाऊन इंटेलची ‘एक्सएमपी’ किंवा एएमडीची ‘एक्स्पो’ ही सेटिंग चालू करावी लागते. ती केली नाही, तर वेगासाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा चालू वेग दिसतो. तो एकदा पाहावा. मदरबोर्डही तपासावा. इंटेलच्या एच६१० चिपसेटवर अधिकृत मर्यादा ओलांडण्याची सोय नाही, बी७६०वर आहे.

फायदा किती?

दोन पट्ट्या ५२००वर सेकंदाला ८३.२ गीगाबाइट विदा वाहून नेऊ शकतात, ६०००वर ९६. ही वाढ सुमारे १५ टक्के आहे. पण म्हणून संगणक १५ टक्क्यांनी वेगवान होत नाही. टंकलेखन, ब्राउझर, हिशेब यांत फरक जाणवतही नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल आणि चित्रांचे काम प्रोसेसरच करत असेल, तर तो ठळक दिसतो. काही खेळांतही दिसतो.

शिवाय वेगाइतकाच ‘सीएल’ हा आकडा महत्त्वाचा. मागितलेली विदा हाती यायला किती आवर्तने थांबावे लागते, ते तो सांगतो. ६००० वेग आणि सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, तर ५२०० आणि सीएल ४० म्हणजे सुमारे १५.४. आणखी वर गेल्याने लाभ वाढेलच असे नाही. रायझेन ७००० मालिकेत साधारण ६०००च्या पुढे कंट्रोलर मेमरीच्या निम्म्या गतीने चालवावा लागू शकतो. मग ७२००ची महाग जोडी ६०००च्या जोडीपेक्षा सरस ठरेल याची खात्री नसते. एएमडीनेही या मालिकेसाठी ६००० हाच सोयीचा वेग सांगितला होता.

धोका कोठे आहे?

जादा वेगासाठी जादा व्होल्टेज लागते. डीडीआर५चे मानक १.१ व्होल्टचे आहे, ६०००च्या पट्ट्या बऱ्याचदा १.३५ व्होल्ट घेतात. २०२३मध्ये रायझेन ७०००च्या एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याचे समोर आले. एक्स्पो चालू केल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचे व्होल्टेज फार वाढवत होते. पुढे बायोस सुधारून ही मर्यादा १.३ व्होल्टवर आणली गेली.

असे प्रकार विरळा. खरा धोका मुकाट असतो. संगणक सुरू होतो, खेळही चालतो, पण क्वचित एखादा बिट चुकतो. फाइल साठवताना तो चुकला, तर बिघाड महिन्यांनी कळतो. डीडीआर५ चिपमध्ये दुरुस्तीची अंगभूत सोय असली, तरी ती चिपच्या आतल्याच चुका पकडते. चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका तिला दिसत नाहीत.

मग काय करावे?

आधी क्षमता, मग वेग. १६ जीबीची वेगवान रॅम घेण्यापेक्षा त्याच पैशांत ३२ जीबी साधी मिळत असेल, तर बहुतेकांना तीच उपयोगी पडेल. ‘आज एक, पुढच्या वर्षी दुसरी’ हा हिशेब टाळावा. एकाच खोक्यातली जोडी घ्यावी. मदरबोर्ड कंपनीच्या तपासलेल्या मेमरीच्या यादीत ती आहे का, ते पाहावे. बायोस अद्ययावत करून एक्स्पो चालू करावे आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे. एकही चूक दिसली, तर एक पायरी खाली, ५६००वर यावे. त्यात कमीपणा नाही. ज्या संगणकावर दुकानाचे खाते किंवा प्रबंध आहे, तिथे अधिकृत वेगच बरा.

राहतो प्रश्न कंपन्यांच्या सचोटीचा. एक्स्पो काय किंवा एक्सएमपी काय, ते ओव्हरक्लॉकिंगच आहे. त्यातून प्रोसेसर बिघडल्यास वॉरंटी नाकारण्याचा मार्ग एएमडी आणि इंटेल दोघींनीही अटींमध्ये मोकळा ठेवला आहे. खोक्यावर ६००० ठळक आणि ही अट बारीक अक्षरांत, असा हा व्यवहार आहे. जो वेग दाखवून वस्तू विकली जाते, त्या वेगाची जबाबदारी ग्राहकावर ढकलणे योग्य नाही. निदान ती अट खोक्यावर त्या आकड्याशेजारीच छापायला हवी. तोवर दुकानदाराच्या ‘चालते’ या शब्दाचा अर्थ ‘बहुधा चालते’ असाच घ्यावा.