पुसली जाणारी पाने

इतिहास कोणाचा लिहिला जातो? ज्याचा कागद शिल्लक राहतो त्याचा! बाकीच्यांचे जगणे त्यांच्याबरोबरच मातीत जाते. आपल्या खानदेशाला हे नव्याने सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दफ्तरांसाठी गावोगाव हिंडले, वाळवीच्या तोंडचे कागद त्यांनी सोडवून आणले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. असोद्याची लेक आणि जळगावची सून असलेल्या बहिणाबाईंना तर अक्षरओळखही नव्हती. मुलगा सोपानदेव व एक नातलग यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघू शकले. टिपली गेली ती राहिली. उरलेली कायमची गेली.

मित्रमैत्रिणींनो, आज आपण कागदावर कमी आणि इंटरनेटवर अधिक लिहितो. तेथे लिहिलेले अमर असते, अशी आपली भाबडी समजूत! 'जिओसिटीज' ही १९९४ साली सुरू झालेली अमेरिकन सेवा लोकांना स्वतःचे पान मांडायला फुकट जागा देत होती. कोणी तेथे आपल्या गावाची माहिती लिहिली, कोणी कविता, कोणी आपल्या मांजराचे कौतुक. १९९९ साली 'याहू'ने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लक्षावधी पाने एका निर्णयासरशी पुसली जाणार होती. तेव्हा जेसन स्कॉट यांच्या 'आर्काइव्ह टीम' या स्वयंसेवकांच्या गटाने हाती लागतील तेवढ्या पानांच्या प्रती रात्रंदिवस उतरवून घेतल्या आणि २०१० मध्ये तो साठा सर्वांना खुला केला. पगार नाही, सत्कार नाही! ही राजवाड्यांचीच जातकुळी नव्हे काय?

मराठी पानांची अडचण तर दुहेरी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी ती 'शिवाजी', 'शुषा' अशा फाँटांत लिहिली जात. पान वाचले, पण फाँट हरवला, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मोडी वाचणारा नसला की दफ्तर मुके होते, तसेच हे. म्हणून पानाबरोबर त्याची किल्लीही जपली पाहिजे.

कोणी म्हणेल, हा कचरा जपायचा कशाला? राजवाड्यांच्या काळीही जुन्या कागदांना लोक रद्दीच समजत होते! दुसरा आक्षेप मात्र मोलाचा आहे : लिहिणाऱ्यालाच आपले पान पुसायचे असेल तर? तर ते अवश्य पुसावे. तो त्याचा हक्क आहे. पण दुकान बंद होते तेव्हा पुसणारा लिहिणारा नसतो, जागेचा मालक असतो. या दोहोंत अंतर आहे.

हे मी पोटतिडकीने लिहिते, त्याला कारण आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. घरातले लिखित म्हणजे सातबारा, लग्नपत्रिका आणि उधारीची वही. आजीच्या अहिराणी ओव्या माझ्या चुलतभावाने फोनवर लिहून एका फुकटच्या ब्लॉगवर ठेवल्या. आमच्या घराण्याचे पहिले पुस्तक म्हणाल तर तेच! ज्यांच्या जागेवर ते उभे आहे त्यांना आमचे नावही ठाऊक नाही. मोठ्यांचे लेखन ग्रंथालये सांभाळतील. पहिल्यांदाच अक्षर गिरवणाऱ्यांचे कोण सांभाळणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने यंदा श्रमदानाबरोबर हेही काम घ्यावे. गावातल्या, ओळखीतल्या लोकांच्या जुन्या पानांची यादी करावी आणि मालकाची परवानगी घ्यावी. ब्रूस्टर काह्ल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'च्या 'वेबॅक मशीन'मध्ये कोणालाही पत्ता देऊन पानाची प्रत ठेवता येते. तेथे ती ठेवावी. एक प्रत आपल्या ग्रंथालयात असावी, आणि शेजारी फाँटाची नोंद. राजवाड्यांनी यासाठी आयुष्यभर पायपीट केली. आपल्याला एक दुपार देता येणार नाही काय?

(द्वितीय वर्ष कला)